डिजिटल कॅमेऱ्यातला फोटो केवढा मोठा छापता येतो: हिशोब, टेस्ट आणि लॅबमधे काय सांगायचं

फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा ठरला की पहिला प्रश्न हाच येतो की माझ्या कॅमेऱ्यातून केवढा मोठा निघेल, आणि मग दुकानदार एक साइज सांगतो, घरातला कॅमेरावाला भाचा दुसरी सांगतो, यूट्यूबवर तिसरीच ऐकायला मिळते. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात, कारण कॅमेऱ्यावर एकच साइज लिहिलेली नसते. फोटो कुठे लागणार, बघणारा किती जवळून बघणार आणि फोटोत काय आहे, या तीन गोष्टी ठरल्या की साइज आपोआप ठरते, आणि तरी मनात शंका राहिली तर एका 4×6 इंची प्रिंटच्या पैशात पक्कं उत्तर मिळतं. ते कसं हे पुढे सांगतो, पण आधी थोडा हिशोब करावाच लागेल, सोपा आहे.

पिक्सल मोजा

मेगापिक्सलचा आकडा बाजूला ठेवा आणि फाइलची लांबी-रुंदी पिक्सलमधे बघा. कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. फोनच्या गॅलरीत फोटो उघडून वर सरकवलं की बहुतेक फोनमधे तिथेच दिसतं. 24 मेगापिक्सलच्या साध्या डीएसएलआरची फाइल 6000×4000 असते (कॅनन 1500डी, निकॉन डी3500 वगैरे), 12 मेगापिक्सलची फोनची फाइल 4000×3000 आणि 2005च्या आसपास घरोघरी आलेल्या 5 मेगापिक्सलच्या छोट्या कॅमेऱ्यांची 2592×1944.

आता लांबीच्या पिक्सलना प्रिंटच्या इंचांनी भागा, येईल तो पीपीआय, म्हणजे एका इंचात किती पिक्सल बसणार. 6000 ला 20 इंचांनी भागलं तर 300, 30 इंचांनी भागलं तर 200, 40 इंचांनी 150. फोनच्या 4000 पिक्सलचे 300 ने 13 इंच होतात, 200 ने 20 इंच. त्या जुन्या 5 मेगापिक्सलवाल्याचे 300 ने साडेआठ इंच आणि 200 ने तेरा. एवढंच गणित आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे नवा कॅमेरा घेताना पैसे वाचतील: प्रिंटची लांबी दुप्पट करायची तर मेगापिक्सल चौपट लागतात. 12 वरून 24 वर गेलात तर प्रिंट दुप्पट मोठी होत नाही, जेमतेम 1.4 पट होते. आणि फोनवर 50, 108 किंवा 200 मेगापिक्सल लिहिलेलं असतं ना, ते फोन नेहमीच्या मोडमधे चार किंवा जास्त पिक्सल एकत्र करून साधारण 12 मेगापिक्सलची फाइल देतात, म्हणून हिशोब डब्यावरच्या आकड्यावर न करता फाइलवर करायचा.

72 डीपीआयची भीती

आमच्या इंदूरला लॅबच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य: "भिया, ये फाइल तो 72 की है, बड़ी नहीं होगी." हे 72 डीपीआय (म्हणजे इंचाला किती ठिपके) ही फाइलच्या आत लिहिलेली नुसती नोंद आहे, कॅमेरा कधी 72 लिहितो कधी 300 लिहितो, त्याने एक पिक्सलही कमी-जास्त होत नाही. 6000×4000 ची फाइल 72 लिहिलं तरी 6000×4000 च राहते. फोटोशॉपमधे इमेज साइजला जाऊन 'रीसॅम्पल' ची खूण काढून 72 चं 300 केलंत तर फाइल जशीच्या तशी राहते आणि समोरच्याचंही समाधान होतं.

आणि प्रिंटरच्या खोक्यावर 1440 किंवा 2880 डीपीआय लिहिलेलं असतं ते शाईच्या ठिपक्यांचं माप आहे, फोटोच्या एकेका पिक्सलचा रंग तयार करायला प्रिंटर असे पुष्कळ ठिपके टाकतो. तुमच्या फाइलला 1440 पिक्सल प्रति इंच लागत नाहीत.

किती अंतरावरून बघणार?

खरी साइज इथे ठरते. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखू येतो, याहून बारीक असलं की डोळ्याला दोन ठिपके एकच वाटतात. यातून एक सोपं सूत्र निघतं: 3438 ला इंचातल्या अंतराने भागा, तेवढे पीपीआय असले की त्या अंतरावरून पिक्सल दिसत नाहीत. फोटो हातात धरून 10-12 इंचांवरून बघतो तेव्हा 344 ते 286 येतात, म्हणजे ते प्रसिद्ध 300 इथून आलंय, ते हातातल्या फोटोसाठी आहे. दोन फुटांवरून 143 पुरतात, तीन फुटांवरून 95, सहा फुटांवरून 48.

म्हणून मी साइज विचारणाऱ्याला आधी भिंत विचारतो. सोफ्याच्या वर लावायचा असेल तर सोफाच जवळजवळ तीन फूट खोल असतो, म्हणजे समोर उभ्या माणसाचा डोळा तीन फुटांच्या आत येणं कठीण, तिथे 6000×4000 ची फाइल 24×36 ला सहज जाते कारण 166 पीपीआय मिळतात आणि लागतात 95. याउलट रामबागेकडच्या जुन्या घरांसारखा अरुंद बोळ असेल, जिथे माणूस भिंतीला खेटूनच जातो, तिथे फोटो दीड-दोन फुटांवरून बघितला जाणार, तिथे 200 च्या खाली मी जाणार नाही. जिन्याच्या उंच भिंतीवर, जिथे हात पोचत नाही, तिथे 100 पुरे. कार्यक्रमाच्या स्टेजमागचा दहा फुटांचा फ्लेक्स लोक पंधरा-वीस फुटांवरून बघतात, त्याला इंचाला 30-40 पिक्सल असले तरी चेहरे नीट दिसतात, म्हणून ती फाइल शंभर एमबीची करून डिझायनरला दमवायची गरज नाही.

पुस्तकात असंही दिलेलं असतं की माणूस फोटो त्याच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावरून बघतो. 20×30 चा कर्ण 36 इंच, म्हणजे साडेचार फुटांवरून बघणार, म्हणजे 64 पीपीआय पुरे. निसर्गदृश्याला हे लागू पडतं. पण घरातल्या ग्रुप फोटोला पडत नाही! एकसष्टीच्या किंवा मुंजीच्या फोटोसमोर प्रत्येकजण आपला आणि आपल्या माणसांचा चेहरा शोधायला नाक लावून उभा राहतो, आज्जी चष्मा वर करून बघतात. त्यामुळे माणसांच्या फोटोला कर्णाचा नियम विसरा आणि दीड-दोन फूट धरूनच चाला.

फोटोत काय आहे त्यावर बरंच अवलंबून आहे

ग्रुप फोटोचा हिशोब जरा करूनच बघा. 6000 पिक्सल रुंदीत एका रांगेत चौदा माणसं बसली तर एकेकाच्या वाट्याला साधारण 430 पिक्सल येतात, त्यात चेहरा असेल 180-200 पिक्सलचा. 24 इंच रुंद प्रिंट केली तर 250 पीपीआय पडतात आणि तो चेहरा पाऊण इंचाचा होतो, स्पष्ट ओळखू येतो. तीच फाइल 40 इंच केली तर चेहरा सव्वा इंचाचा होईल पण त्यात नवीन बारकावा येणार नाही, पिक्सल तेवढेच, जवळ गेलं की मऊ दिसेल. म्हणून मोठ्या ग्रुपला 16×24 किंवा फार तर 20×30 वर थांबा, आणि पुढच्या वेळी दोन फोटो शेजारी शेजारी काढून जोडता आले तर उत्तमच.

इंदूरच्या राजवाड्याचा समोरून काढलेला फोटो हा दुसरा अवघड प्रकार. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, त्या सगळ्या खिडक्या, झरोके, सरळ रेषा, म्हणजे डोळा जिथे जाईल तिथे बारीक काम, आणि सरळ रेषेत पिक्सलची पायरी लगेच दिसते. अशा फोटोला 180-200 च्या खाली उतरू नका आणि ट्रायपॉडशिवाय काढू नका. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरच्या (होळकरांच्या समाध्यांवरच्या) कोरीवकामाचंही तेच.

याउलट रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा फोटो घ्या. हवेत गुलाल उडालेला, पाण्याचे फवारे, माणसं हलतायत, चेहरे रंगाने माखलेले, त्यात बारीक रेषा अशी नसतेच, सगळा जोर रंगावर आणि गर्दीवर असतो. हा फोटो मी 100 पीपीआयला बिनधास्त मोठा करीन, आणि तो मोठाच करावा, 8×12 मधे त्याचा दम गुदमरतो. पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्याला धुक्यात काढलेला फोटो, किंवा मागचं सगळं धूसर झालेला लहान मुलाचा पोर्ट्रेट, यांचंही तसंच, पोर्ट्रेटमधे फक्त डोळे आणि पापण्या धारदार पाहिजेत, बाकी गाल आणि पार्श्वभूमी कितीही मोठी करा.

सिरपूर तलावावर जाणाऱ्या पक्षीवाल्यांना वेगळं सांगावं लागतं कारण तिथे क्रॉप करूनच (कडा कापूनच) फोटो तयार होतो. 6000×4000 मधून पक्ष्यापुरता 2400×1600 चा तुकडा कापला की तुमचा कॅमेरा त्या प्रिंटपुरता 4 मेगापिक्सलचाही राहत नाही. 200 ने 12×8 निघेल, ते चांगलं निघेल, पण 20×30 मागू नका. हिशोब नेहमी क्रॉप केल्यानंतरच्या पिक्सलवर करायचा, हे बरेच जण विसरतात.

आणि पिक्सल कितीही असोत, फोटो हललेला असेल तर सगळं व्यर्थ आहे, 45 मेगापिक्सलची हललेली फाइल 6 मेगापिक्सलच्या धारदार फाइलपेक्षा वाईट छापली जाते. मोठी प्रिंट काढायचं आधीच मनात असेल तर शटरचा वेग लेन्सच्या मिलिमीटरच्या मानाने दुप्पट-तिप्पट ठेवा, म्हणजे 55 एमएमला 1/160 किंवा जास्त, मुलं पळत असतील तर 1/250 च्या पुढे. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) असेल तर अ‍ॅपर्चर एफ/8 च्या आसपास ठेवा, तिथे ती सगळ्यात धारदार असते. आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) जेवढा खाली जमेल तेवढा. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत आयएसओ 6400 ला काढलेल्या फोटोत दाणे येणारच, तो 12×18 ला छान दिसतो, 24×36 ला ते दाणेच आधी दिसतात.

मॉनिटरवरचा अंदाज

24 इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण 92 पिक्सल असतात. त्यामुळे त्यावर फोटो 100 टक्के झूमला बघितला की तो 92 पीपीआयच्या प्रिंटएवढा मोठा दिसतो, म्हणजे 6000 पिक्सलची फाइल 65 इंच रुंद असल्यासारखी! आणि तिथे फोटो थोडा मऊ दिसला म्हणून लोक घाबरतात आणि 8×12 वर समाधान मानतात. 50 टक्के झूमला बघा, ते 184 पीपीआय झालं, म्हणजे साडेबत्तीस इंच रुंद प्रिंटच्या आकाराचं. मग खुर्ची मागे सरकवून तेवढ्या अंतरावर बसा जेवढ्या अंतरावरून भिंतीवरचा फोटो बघणार आहात. तिथून डोळे, केस, झाडाची पानं पटली तर प्रिंटही पटेल, कारण छापलेला कागद मॉनिटरपेक्षा चुका थोड्या लपवतोच.

4×6 ची टेस्ट, ही जरूर करा

मोठी प्रिंट महाग पडते आणि एकदा छापली की परत होत नाही, म्हणून मोठ्या प्रिंटचा एक तुकडा खऱ्या आकारात आधी छापून घ्यायचा. समजा 6000×4000 ची फाइल 24×36 करायची आहे. 36 इंचाला 6000 म्हणजे इंचाला 166.7 पिक्सल. तर 4×6 च्या कागदावर 6 इंचात 1000 पिक्सल आणि 4 इंचात 667 पिक्सल बसतील. मग मूळ फोटोतून बरोबर 1000×667 चा तुकडा कापायचा, फोटोतल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागेचा, म्हणजे चेहरा असेल तर चेहरा, राजवाडा असेल तर वरच्या लाकडी मजल्यांच्या खिडक्या, आणि तो वेगळ्या नावाने सेव्ह करून लॅबमधून साधी 4×6 काढून आणायची. ती जिथे फोटो लावायचा आहे त्या भिंतीवर टेपने चिकटवा आणि घरातल्यांना बघू द्या, संध्याकाळी दिवा लावून पण बघा. जे दिसतंय तेच मोठ्या प्रिंटमधे दिसणार, फरक फक्त एवढाच की मोठ्या साइजला मशीन आणि कागद वेगळा असू शकतो.

जमलं तर दोन-तीन तुकडे करा: एक 24×36 च्या हिशोबाने, एक 20×30 च्या, ज्यात 6 इंचाला 1200 पिक्सल आणि 4 इंचाला 800. शेजारी शेजारी लावले की वाद मिटतो.

टेस्ट देताना लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन तुकड्याचा उजेड वेगळा करेल आणि मोठ्याचा वेगळा, मग तुलना कशाची करायची. या टेस्टचा आणखी एक मोठा फायदा, मॉनिटर जास्त उजळ ठेवायची सवय असेल तर प्रिंट काळसर येते, ते इथेच कळतं आणि मोठ्या फाइलला थोडा उजेड देता येतो.

(जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी 1870च्या दशकात इंदूरला नोकरी करताना फोटोग्राफी सुरू केली, तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला, तेव्हा हा प्रश्नच फारसा नव्हता. काचेची प्लेट कागदाला लावून उन्हात छापायची, जेवढी प्लेट तेवढा फोटो. मोठा फोटो पाहिजे तर मोठा कॅमेरा आणि मोठी काच वाहून न्यायची. त्या प्रिंट जवळून बघायला मिळाल्या तर जरूर बघा, भिंगातून बघितलं तरी बारकावा संपत नाही.)

प्रमाण जुळतंय का बघा

कॅमेऱ्याचा फोटो 3:2 असतो, त्याला 4×6, 8×12, 12×18, 16×24, 20×30, 24×36 या साइज न कापता बसतात. फोनचा फोटो 4:3, त्याला 6×8, 12×16, 18×24 बसतात. पण तयार फ्रेम बऱ्याचदा 8×10, 12×15, 16×20, 20×24 च्या मिळतात, आणि 3:2 चा फोटो 20×24 मधे बसवायचा तर लांबीचे सहा इंच कापले जातात, म्हणजे ग्रुप फोटोतले कडेचे काका-काकू गेलेच. फ्रेम आधी आवडली असेल तर मधे माउंट (फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट) घाला, फोटो पूर्ण ठेवा. कॅनव्हासवर काढणार असाल तर चारी बाजूंनी दीड-दोन इंच कडेला वळतात तेवढी जागा फोटोत पाहिजे, डोकी अगदी काठाला असतील तर कॅनव्हास नको. बाकी कॅनव्हास खरबरीत असल्याने कमी पीपीआय चालवून घेतो, 100-120 ला सुद्धा.

फाइल छोटीच असेल तर

आधी खात्री करा की तीच मूळ फाइल आहे. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण 1600 पिक्सलचा होतो, 200 ने आठ इंच, संपलं. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. लॅबवालाही "व्हॉट्सअप कर दो" म्हणाला तर तुम्ही पण डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक त्याहून बरी.

मूळच 2048×1536 ची आहे, 2003-04 चा कॅमेरा, आणि फोटोतली व्यक्ती आता नाही, असं पुष्कळ घरात असतं. तिथे फोटोला ताणू नका. 8×6 ची प्रिंट काढा, 256 पीपीआय पडतात, सुंदर येते, आणि चारी बाजूंनी तीन इंचांचा पांढरट माउंट लावा, फ्रेम 14×12 ची होते, भिंतीवर भरीव दिसते आणि चेहरा खरा राहतो.

सॉफ्टवेअरने मोठं करायचं तर फोटोशॉपमधलं 'प्रिझर्व्ह डिटेल्स', किंवा रॉ फाइल (जेपीईजी करण्याआधीची कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर कॅमेरा रॉमधलं 'सुपर रेझोल्यूशन', जे 2021 पासून आहे आणि लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट करतं, ही ठीक काम करतात, इमारती आणि झाडांना चांगला फरक पडतो. पण एआयने चेहरे मोठे करताना फार जपून. लहान धूसर चेहऱ्यावर ते आपल्या मनाने डोळे आणि दात बसवतं, दिसायला स्वच्छ, पण ते आजोबा राहत नाहीत, आजोबांसारखं कोणीतरी होतं. घरातल्या दोन मोठ्या माणसांना मूळ आणि नवा शेजारी दाखवा, त्यांनी हो म्हटलं तरच छापा. मला विचाराल तर आपल्या माणसाचा थोडा मऊ पण खरा फोटो केव्हाही चांगला.

लॅबमधे देताना

फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत, जेपीईजी सगळ्यात वरच्या क्वालिटीला, एकदाच सेव्ह केलेली. लॅबच्या फोटोपेपरसाठी सीएमवायके (छापखान्याच्या चार शाईंची रंगपद्धत) करू नका, रंग मेलेले येतात. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, साइज ठरल्यावर, आणि स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतकं, कारण कागद ते थोडं पिऊन टाकतो.

12×18 पर्यंत बहुतेक लॅब सिल्व्हर पेपरवर (उजेडाने छापल्या जाणाऱ्या फोटोच्या कागदावर) लेझर मशीनने काढतात, ती 300 च्या आसपास छापते. त्यापुढच्या साइजला बऱ्याच ठिकाणी मोठा इंकजेट असतो, तिथे विचारा की शाई पिगमेंट (रंगाच्या बारीक कणांची) आहे का आणि कागद फोटोपेपर आहे की फ्लेक्सवालं विनाइल, कारण घरात लावायच्या फोटोला विनाइल जवळून बरं दिसत नाही. समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर ग्लॉसी घेऊ नका, मॅट किंवा लस्टर (किंचित चमकीचा) घ्या, नाहीतर फोटोत आपणच दिसत बसतो.

काउंटरवर चार गोष्टी कागदावर लिहून द्या: साइज इंचात, कागद कोणता, ऑटो करेक्शन नको, आणि फोटो पूर्ण ठेवा, कापू नका, कडेला पांढरं आलं तरी चालेल. फ्रेम करताना काच थेट प्रिंटला टेकू देऊ नका, मधे माउंट असू द्या, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे भिंती ओल धरतात आणि ग्लॉसी कागद काचेला एकदा चिकटला की निघत नाही. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंतीपासून थोडी हवा खेळते.